घर तापते केव्हा?

मे महिना लागला की वर्तमानपत्रांत रोज एक आकडा छापून येतो. अकोला ४४, चंद्रपूर ४५, जळगाव ४३. हा आकडा येतो कुठून? जमिनीपासून सुमारे सव्वा मीटर उंचीवर, पांढऱ्या रंगाच्या झरोकेदार लाकडी पेटीत, पूर्ण सावलीत ठेवलेल्या तापमापकातून. म्हणजे तो हवेचा आकडा आहे आणि दुपारी तीनच्या सुमाराचा आहे. हवामानशास्त्राला नेमके हेच हवे असते आणि त्या शास्त्राच्या दृष्टीने त्यात काही चूक नाही. मात्र रात्री अकरा वाजता स्लॅबखाली अंथरुणावर कूस बदलत पडलेल्या माणसाला हा आकडा फारसे काही सांगत नाही. त्याच्या खोलीतला उकाडा ठरवतात त्या गोष्टी वेगळ्या असतात : डोक्यावरचे छप्पर कशाचे आहे, ते किती जाड आहे, दिवसभरात त्याने किती उष्णता पोटात घेतली आणि ती आत सोडायला ते कोणत्या वेळी सुरुवात करते. ‘थंड राहणारे घर’ कसे बांधावे याची चर्चा आपल्याकडे बहुधा साहित्याच्या नावांवर येऊन थांबते. माती चांगली, सिमेंट वाईट, पत्रा तर त्याहून वाईट. या लेखाचे म्हणणे असे की साहित्य स्वभावाने थंड वा गरम नसते. उष्णता आपल्यापर्यंत कोणत्या वाटेने आणि किती वाजता पोचवायची, एवढेच ते ठरवते. त्यामुळे ‘घर तापते का?’ यापेक्षा ‘घर केव्हा तापते?’ हा प्रश्न जास्त उपयोगाचा आहे.

उष्णता आणि तापमान या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे शालेय पुस्तकात एका वाक्यात सांगून होते, पण माणसाला ते उमगायला अठराव्या शतकाचा उत्तरार्ध उजाडावा लागला. ग्लासगोत शिकवणारा जोसेफ ब्लॅक १७६०च्या आसपास दोन साध्या निरीक्षणांपाशी अडला. गरम पारा आणि थंड पाणी एकत्र केले की मिश्रणाचे तापमान पाण्याच्या बाजूला झुकते. पारा पाण्यापेक्षा साडेतेरा पट जड असूनही त्याच्यात उष्णता कमी मावते, असा त्याचा अर्थ. दुसरे निरीक्षण बर्फाचे. तापमान शून्यावर पोचताच बर्फाचे पाणी होत असते, तर डोंगरावरचे हिमाचे थर वसंताच्या पहिल्याच उबदार दिवशी एकदम वितळून खालची गावे वाहून गेली असती. तसे घडत नाही, कारण बर्फ वितळताना भरपूर उष्णता गिळतो आणि तरीही तापमापकातली रेषा हलत नाही. आजच्या मोजमापात सांगायचे तर एक किलो बर्फाला ३३४ किलोज्यूल लागतात, आणि तेवढ्यात तेच पाणी जवळजवळ ८० अंशांनी तापले असते. या दोन निरीक्षणांतून विशिष्ट उष्माधारकता आणि अप्रकट उष्मा या कल्पना निघाल्या. पुढे १७९८ मध्ये रम्फर्डने म्युनिकच्या शस्त्रागारात तोफा कोरताना घर्षणातून उष्णता निघतच राहते हे दाखवून, उष्णता हा एक अदृश्य द्रव आहे या समजुतीला हादरा दिला. १८४०च्या दशकात ज्यूलने पाणी घुसळून किती कामाची किती उष्णता होते त्याचा हिशेब मांडला. घराच्या प्रश्नाशी मात्र ब्लॅकचीच गाठ जवळची आहे, कारण छपराबद्दलचा अर्धा गोंधळ त्याने वेगळ्या केलेल्या दोन गोष्टी आपण पुन्हा एक करतो म्हणून होतो.

एक किलो पाणी एका अंशाने तापवायला ४.१८ किलोज्यूल लागतात, काँक्रीटला सुमारे ०.८८ आणि लोखंडाला ०.४५. नुसते हे आकडे पाहिले तर काँक्रीट आणि लोखंड दोन्ही ‘लवकर तापणारे’ ठरतात. पण छप्पर आपण किलोवर बांधत नाही, चौरस मीटरवर बांधतो. अर्ध्या मिलिमीटर जाडीच्या पत्र्याचे वजन एका चौरस मीटरला चार किलोही भरत नाही, त्यामुळे तो एका अंशाने तापायला पावणेदोन-दोन किलोज्यूल पुरतात. बारा सेंटिमीटर जाडीचा स्लॅब त्याच चौरस मीटरला पावणेतीनशे किलोचा असतो आणि एका अंशासाठी त्याला जवळपास २४० किलोज्यूल हवे असतात. दुपारच्या उन्हातून दर चौरस मीटरला ५०० वॅट उष्णता शोषली जाते असे धरा आणि क्षणभर बाहेर निसटणारी उष्णता विसरा. पत्रा दोन मिनिटांच्या आत तीस अंशांनी चढेल. स्लॅबला एकेक अंश चढायला आठ मिनिटे लागतील. ऊन तेच, वरून येणारी ऊर्जाही तीच, तरी एका छपराचा स्वभाव मिनिटांत कळतो आणि दुसऱ्याचा कळायला तास लागतात. ढग आला की पत्र्याखालच्या माणसाला लगेच जाणवते, स्लॅबखालच्याला पत्ताही लागत नाही. पत्रा वाईट की स्लॅब, याचे उत्तर या हिशेबातून निघत नाही. दोघांचे वेळापत्रक मात्र निघते.

हे वेळापत्रक गणितात बसवण्याचे श्रेय जोझेफ फूरिएचे. नेपोलियनबरोबर इजिप्तला जाऊन आलेला हा प्रशासक ग्रेनोबल भागाचा कारभार पाहता पाहता घन पदार्थांतून उष्णता कशी सरकते याचा विचार करत होता. १८०७ मध्ये त्याने सादर केलेल्या निबंधावर लाग्रांजसारख्यांनी आक्षेप घेतले. ग्रंथ प्रसिद्ध झाला तो १८२२ मध्ये. वहनाचा मूळ नियम सोपा आहे : दोन बाजूंच्या तापमानांत जितका फरक जास्त आणि जाडी जितकी कमी, तितकी उष्णता वेगाने जाते, आणि पदार्थागणिक तिचे प्रमाण बदलते. तांब्याचे हे प्रमाण ४०० च्या आसपास, काँक्रीटचे दीड, कोरड्या मातीचे अर्धा-पाऊण, लाकडाचे ०.१ ते ०.२, स्थिर हवेचे ०.०२५. पण फूरिएची खरी देणगी पुढची आहे. बाहेरचे तापमान रोज वरखाली होत असेल, तर ती लाट पदार्थात शिरताना दोन गोष्टी होतात. ती क्षीण होत जाते आणि तिला उशीर होत जातो. किती क्षीण होईल आणि किती उशीर होईल, हे पदार्थ उष्णता किती सहज वाहतो आणि किती साठवतो या दोहोंच्या गुणोत्तरावर ठरते. जमिनीत मीटरभर खोल गेले की दिवसरात्रीचा फरक जवळजवळ नाहीसा होतो, तिथे फक्त ऋतूंची लाट उरते. धान्याचे पेव आणि तळघर थंड राहण्याचे कारण हेच.

आता हे गणित छपराला लावून पाहू. काँक्रीटमध्ये दिवसाची लाट साधारण चौदा सेंटिमीटरवर आपल्या मूळ उंचीच्या एक-तृतीयांशाच्या थोडी वर उरते. म्हणजे बारा सेंटिमीटरचा स्लॅब ओलांडताना ती निम्म्याहून थोडी कमी होते आणि तिला तीन-सव्वातीन तासांचा उशीर होतो. वर ब्रिकबॅट कोबा, म्हणजे विटांच्या तुकड्यांचा थर, असेल तर आणखी दोनेक तास. बाहेरचा पृष्ठभाग दुपारी एक-दोनच्या सुमाराला सर्वांत तापलेला असतो. खालच्या बाजूला ती लाट संध्याकाळी पाच ते सातच्या दरम्यान टोक गाठते आणि ओसरायला अर्धी रात्र घेते. याच्या उलट माळवदाच्या, म्हणजे मातीच्या सपाट छपराच्या, घराची साठ सेंटिमीटरची मातीची भिंत घ्या. तिथून लाट पलीकडे पोचायला वीस तास लागतात आणि पोचेपर्यंत तिचा शंभरावा भागही शिल्लक राहत नाही. अशी भिंत दुपार आणि रात्र ओळखतच नाही. ती फक्त चोवीस तासांची सरासरी जाणते. पत्रा आणि जाड माती ही दोन टोके झाली. एकाला वेळच लागत नाही, दुसऱ्याला इतका लागतो की लाट वाटेतच विरते. आपला स्लॅब नेमका मधे अडकला आहे. लाट मारण्याइतका तो जाड नाही आणि लगेच निवण्याइतका पातळही नाही. उष्णतेला त्याने दिलेला उशीर तिला थेट झोपेच्या वेळेत आणून सोडतो. महाराष्ट्राच्या शहरांत आणि आता गावांतही गेल्या दोन पिढ्यांत याच जाडीचे छप्पर सर्वत्र झाले, ही या प्रश्नातली सर्वांत मोठी घडामोड आहे आणि तिची चर्चा सर्वांत कमी झाली आहे.

साठा किती असतो याचा अंदाज घेतला की वातानुकूलन यंत्राबद्दलची एक तक्रारही उलगडते. शंभर चौरस फुटांच्या खोलीवरचा स्लॅब अडीच टन वजनाचा असतो. तो दहा अंशांनी निववायचा तर सुमारे २२,६०० किलोज्यूल, म्हणजे विजेच्या भाषेत सव्वासहा युनिट इतकी उष्णता काढावी लागते. त्याच खोलीतली सगळी हवा दहा अंशांनी थंड करायला एका युनिटचा दहावा हिस्साही लागत नाही. यंत्र सुरू केल्यावर हवा काही मिनिटांत गार होते, बंद केल्यावर तितक्याच लवकर पुन्हा तापते, आणि मग यंत्रालाच नावे ठेवली जातात. खरे पाहता यंत्राने हवा थंड केलेली असते आणि डोक्यावर सत्तर पट मोठा साठा तसाच लटकत असतो. दीड टनी यंत्र पूर्ण जोरात चालले तरी फक्त तो साठा उपसायला त्याला तासाहून अधिक वेळ लागेल, आणि उपसलेली उष्णता स्वतःने खाल्लेल्या विजेसकट ते गल्लीत टाकते, जिथे समोरच्या घराची खिडकी असते.

छत आपल्याला छळते ते हवेमार्फतच, असेही नाही. तापलेला कोणताही पृष्ठभाग प्रारणाने उष्णता फेकतो. योझेफ श्टेफानने १८७९ मध्ये प्रयोगांच्या आधारे आणि बोल्ट्समनने १८८४ मध्ये सिद्धान्तातून दाखवले की हे फेकणे निरपेक्ष तापमानाच्या चौथ्या घाताने वाढते. ३० अंशांचे छत दर चौरस मीटरला सुमारे ४८० वॅट फेकते, ४० अंशांचे ५४० च्या पुढे. साठेक वॅटचा हा फरक हवेतून न येता सरळ अंगावर येतो. हवेचे तापमान मोजून ‘खोलीत फक्त ३१ आहे’ असे सांगणाऱ्याला उकाडा समजत नाही तो यामुळे. माणसाचे अंग हवेइतकेच भिंती-छताशीही देवाणघेवाण करत असते. पंखा इथे अर्धेच काम करतो. घाम सुकवून तो आराम देतो, पण छतालगत साचलेला गरम थर खाली ओढण्याचे कामही तोच करतो. उघड्या आकाशाशी मात्र हेच प्रारण आपल्या बाजूने लढते. निरभ्र, कोरड्या रात्री गच्चीचा पृष्ठभाग आकाशाकडे दर चौरस मीटरला साठ ते शंभर वॅट निव्वळ उष्णता गमावू शकतो. गच्चीवर झोपण्याची वऱ्हाड-मराठवाड्यातली सवय या आकाशाच्या भरवशावर चालते. कोकणात हवेतली वाफ आणि ढग तीच उष्णता परत खाली पाठवतात, म्हणून तिथे तो भरवसा उरत नाही.

महाराष्ट्रात छपरांचे जे प्रकार रूढ होते त्यांची मांडणी या नियमांशी पडताळून पाहिली तर ती बरीच सुसंगत दिसते, आणि कौतुक करताना आपण समजतो त्याहून वेगळ्या कारणांनी. पठारावर माळवद किंवा धाबे होते : लाकडी सरांवर किलचन, वर पाला आणि त्यावर पांढऱ्या मातीचा जाड थर. किनारपट्टीवर गवत, मग नळीची कौले आणि एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मंगळुरी कौले आली. पठारावर दिवस आणि रात्र यांतले अंतर मोठे आहे. पुण्यात मे महिन्यात कमाल तापमान सरासरीने ३७ च्या आसपास, तर किमान २२-२३ असते. चोवीस तासांची सरासरी तिशीच्या घरात येते आणि जाड भिंतीचे घर तिथेच स्थिरावते. मुंबईत हेच अंतर जेमतेम सहा-सात अंशांचे आहे. सरासरीच जिथे तिशीच्या वर आणि रात्रही दमट, तिथे साठा करणारी भिंत काय साठवणार? तिथे उपयोग असतो तो उंच उतरत्या कौलांचा, त्यांच्या फटींतून निसटणाऱ्या गरम हवेचा, पोटमाळ्याने दिलेल्या मधल्या थराचा आणि आरपार वाऱ्याचा. कोकणातले घर उष्णता अडवत बसत नाही, ते तिला जाऊ देते. त्यामुळे ‘पारंपरिक घर थंड असते’ हे सरसकट विधान निरर्थक आहे. दोन प्रदेशांतली पारंपरिक घरे एकमेकांच्या नेमकी उलट युक्ती वापरतात, आणि आपण दोन्हीकडे तोच स्लॅब ओतला.

माळवदाच्या गुणगानालाही एक मर्यादा आहे. नागपुरात मे महिन्यात सरासरी कमाल ४२-४३ आणि किमान २८ असते. त्यांची सरासरी पस्तीस. कितीही जाड भिंत बांधली तरी ती स्वतःच्या बळावर पस्तिसाच्या फार खाली नेणार नाही, कारण ती उष्णता नाहीशी करत नाही, तिची वाटणी फक्त सारखी करते. पस्तिसाखाली जायचे तर रात्रीची गार हवा आत घेऊन भिंतीतला साठा रिकामा करावा लागतो आणि सकाळी नऊच्या आत दारे-खिडक्या लावून घ्याव्या लागतात. जुन्या घरांत माणसे हे नकळत करत. आज रात्री खिडकी बंद असते ती डासांमुळे, चोरीच्या भीतीने किंवा शेजारची भिंत चार फुटांवर असल्यामुळे. आणि दुपारी बंद ठेवायची खिडकी ‘वारा येऊ दे’ म्हणून उघडली जाते, ज्यातून ४४ अंशांची हवा आत येते. इथे दोष साहित्याचा नाही, घर वापरण्याच्या वेळांचा आहे.

बाष्पीभवनाचे शास्त्रही असेच प्रदेशाप्रमाणे पालटते. एक लिटर पाणी उडून जाताना सुमारे २,४०० किलोज्यूल घेऊन जाते. वर सांगितलेल्या अडीच टनी स्लॅबचे दहा अंश उतरवायला साडेनऊ लिटर पाणी पुरे, मात्र ते खरोखर उडून जायला हवे. पन्हळीतून वाहून गेलेल्या बादल्या हिशेबात धरायच्या नाहीत. ओली पोती, वाळ्याचे पडदे, माठ आणि विदर्भातला घरोघरचा कूलर यांचा सगळा खेळ ब्लॅकच्या त्या अप्रकट उष्म्यावर चालतो. हवा ४४ अंशांची आणि आर्द्रता १५ टक्के असेल तर ओल्या कापडाचे तापमान २३ पर्यंत उतरू शकते. हवा ३४ अंशांची आणि आर्द्रता ६५ टक्के असेल तर ते २८ च्या खाली जातच नाही. म्हणजे वर्तमानपत्रातल्या आकड्यात दहा अंशांनी सौम्य असलेली मुंबई घाम सुकवण्याच्या बाबतीत विदर्भापेक्षा पाच अंशांनी मागे आहे. एप्रिल २०२३ मध्ये खारघरच्या मैदानावर सोहळ्याला जमलेल्या लोकांवर उष्माघाताचा जो प्रसंग ओढवला, त्या दिवशी परिसरातल्या केंद्रांचा पारा चाळिशीला पोचलेला नव्हता. पण उघड्या मैदानावर सावलीतल्या हवेचा आकडा लागू नव्हता. डोक्यावर थेट ऊन होते आणि अंगावरचा घाम सुकायला हवा तयार नव्हती.

या सगळ्यावर पहिला आणि सर्वांत वजनदार आक्षेप भूकंपाचा आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी आणि भोवतालच्या गावांत हजारो माणसे गेली ती बहुतांशी दगडमातीच्या जाड भिंती आणि त्यांवरच्या मातीच्या छपरांखाली. उष्णतेच्या लाटेला थोपवणारे तेच वजन त्या पहाटे अंगावर कोसळले. ज्यांनी ते पाहिले त्यांना माळवदाचे गोडवे ऐकवण्यात अर्थ नाही. शिवाय माळवद दरवर्षी पावसाआधी माती घालून नीट करावे लागते, त्याला वाळवी लागते, ते गळते. लोकांनी स्लॅब निवडला तो अज्ञानामुळे नव्हे. तो गळत नाही (निदान सुरुवातीची काही वर्षे), त्यावर धान्य वाळवता येते, पुढे वरचा मजला चढवता येतो आणि त्याला प्रतिष्ठा आहे. हा आक्षेप मान्यच करायला हवा. पण त्याने सिद्ध होते ते इतकेच की मातीचे वजन परत आणता येणार नाही. वजन हा उष्णता थोपवण्याचा एक मार्ग आहे, एकमेव नाही. दुसरा मार्ग दुर्वाहकाचा आहे. चार सेंटिमीटर थर्मोकोलसारखा हलका थर वहनाला जितका विरोध करतो, तितका काँक्रीटने करायचा तर त्याची जाडी पावणेदोन मीटर लागेल. तिसरा मार्ग सर्वांत स्वस्त : उष्णता आत येण्याआधीच ती परतवणे.

काळवंडलेला सिमेंटचा पृष्ठभाग उन्हाचा साठ ते सत्तर टक्के भाग शोषतो, ताजा पांढरा लेप पंचवीस टक्क्यांच्या आसपास. भर दुपारी ९०० वॅटचे ऊन पडत असेल तर हा फरक दर चौरस मीटरला सुमारे सव्वातीनशे ते चारशे वॅट होतो. शोषलेल्यातली बरीचशी उष्णता वारा आणि आकाश परत नेतात, सगळी आत येत नाही, हे खरे. तरीही मुळाशीच इतका मोठा हिस्सा कापणारा दुसरा उपाय नाही. पांढरा लेप प्रारणाने उष्णता बाहेर टाकण्यातही कमी पडत नाही. इथे तो चकचकीत पत्र्याला मागे टाकतो, कारण पत्रा ऊन थोडेफार परतवतो पण जे शोषतो ते प्रारणाने बाहेर टाकायला कचरतो आणि म्हणून साठ-पासष्ट अंशांपर्यंत चढतो. २०१० च्या उष्णतेच्या लाटेनंतर अहमदाबादने २०१३ मध्ये उष्मा कृती आराखडा केला आणि पुढे गरीब वस्त्यांत छपरे पांढरी करण्याचा उपक्रम घेतला. तेलंगणाने २०२३ मध्ये थंड छपरांचे स्वतंत्र धोरणच आणले. यावरही आक्षेप आहेत. धुळीने आणि शेवाळाने लेप काळा पडतो, चुना एका पावसाळ्यात धुऊन जातो, हिवाळ्यात घर जास्त गार होईल. पहिले दोन खरे आहेत, म्हणून हे काम घर रंगवण्यासारखे पाच वर्षांनी करून चालत नाही, फेब्रुवारी-मार्चमध्ये दरसाल करावे लागते. तिसरा हिमाचलात विचारात घेण्याजोगा आहे. महाराष्ट्रात मोजक्या थंड रात्रींसाठी चार महिन्यांचा उन्हाळा सोसणे हा तोट्याचा सौदा ठरतो.

नियम करणाऱ्यांनी या प्रश्नाकडे पाहिलेच नाही असे नाही. केंद्राने डिसेंबर २०१८ मध्ये निवासी इमारतींसाठी इको निवास संहिता आणली. तिच्यात छपरातून उष्णता किती सहज आत यावी याला मर्यादा आहे : दर चौरस मीटरला, दर अंशाला १.२ वॅट. नुसत्या स्लॅबचा हा आकडा साडेतीनच्या आसपास येतो, कोबा धरला तरी दोनच्या वरच राहतो. म्हणजे आपली नेहमीची छपरे या कसोटीला तिप्पट-दुप्पट अंतराने नापास होतात. मर्यादा योग्य आहे, पण ती एकाच प्रश्नाचे उत्तर देते : उष्णता किती? केव्हा, हे ती विचारत नाही. समजा, तोच थर्मोकोलचा थर एका घरात स्लॅबच्या वर घातला आणि दुसऱ्यात खाली, फॉल्स सीलिंगच्या आत. दोन्हींचा आकडा सारखा. पहिल्या घरात स्लॅब उन्हापासून वाचतो, त्याचे अडीच टन खोलीच्या बाजूला राहतात आणि रात्री खिडक्या उघडल्या तर दुसऱ्या दिवसासाठी गारवा साठवतात. दुसऱ्या घरात स्लॅब पूर्वीपेक्षा जास्त तापतो, पण खोलीशी त्याचा संबंध तुटतो. संध्याकाळी दोन तास यंत्र चालवणाऱ्या घराला ही दुसरी रचना सोयीची, कारण थंड करायला फक्त हवा उरते. यंत्र नसलेल्या घराला पहिली. सकाळच्या शाळेच्या इमारतीला कदाचित नुसता स्लॅबही चालून जाईल, त्याची लाट मुले घरी गेल्यावर पोचते. उलट दुपारी घरातच शिवणकाम किंवा विडीकाम करणाऱ्या बाईला पत्र्याचे घर सर्वांत घातक, रात्री ते लवकर निवत असले तरी.

मग यंत्रेच घेऊ, पैसा वाढतो आहे, असे म्हणणारे आहेत आणि त्यांना उपदेश करणे व्यर्थ आहे. पंचेचाळीस अंशांत आजारी माणसासाठी यंत्र ही चैन नव्हे. मात्र ते कोणत्या छपराखाली चालते यावर त्याचे बिल ठरते, आणि वीज गेल्यावर ते घर किती वेळ सुसह्य राहते हेही. वर थर असलेला, गार राहिलेला स्लॅब काही तास सांभाळून घेतो. तापलेल्या स्लॅबखाली ती सवलत मिनिटांची असते.

हवामान खात्याकडे ‘उष्ण रात्री’चा निकष आहे. कमाल तापमान चाळीस किंवा अधिक असताना किमान तापमान सरासरीहून साडेचार अंशांनी चढले तर ती उष्ण रात्र, ६.४ अंशांच्या वर गेले तर अतिउष्ण. निकष योग्य दिशेने आहे, तरी तोही त्याच पांढऱ्या पेटीतल्या, पहाटेच्या हवेचा. बाहेरची हवा पहाटे २८ वर आली असेल तेव्हा वरच्या मजल्यावरचे छत अजून पस्तिशीत असू शकते, आणि त्या छताचा आकडा कुठल्याही नोंदवहीत जात नाही. गृहनिर्माण संस्थांत तर पेच आणखी व्यावहारिक आहे. गच्ची सगळ्यांच्या मालकीची, पण तिच्यातून उतरणारी उष्णता शेवटच्या मजल्यावरच्या दोन-चार घरांची. खालच्या मजल्यांना डोक्यावर शेजाऱ्याची फरशी मिळते, ऊन मिळत नाही. गच्चीला लेप लावण्याचा विषय सर्वसाधारण सभेत आला की मत देणारे बहुसंख्य सभासद तो खर्च आपल्यासाठी नाही हे ओळखून असतात, आणि ठराव पावसाळ्यातल्या गळतीच्या दुरुस्तीला जोडून पुढच्या वर्षावर जातो. घरकुल योजनांतल्या एकमजली घरांत असा पेच नाही. तिथे प्रत्येक घर शेवटचा मजलाच आहे, आणि छपराचा वरचा पृष्ठभाग कोणत्या रंगाचा असावा हे अंदाजपत्रकातल्या एका ओळीने ठरू शकते.